एआय एजंट तुमचं टूल चुकीचं वापरतोय? कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

एजंट म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणारा सहायक, आणि टूल म्हणजे त्याला बोलावता येणारं आपल्या सॉफ्टवेअरमधलं एखादं काम. एजंटला "शिल्लक किती?" विचारलं की सकाळी तो पार्टीची (व्यवहारातल्या ग्राहकाची) बाकी काढून देतो आणि दुपारी गोदामातला माल. प्रश्न तोच, टूल वेगळं.

टूल बरोबर निवडतो, पण आत भरतो ते चुकतं. तारखेत दिवस-महिना उलटे होतात, पार्टीच्या कोडच्या जागी पार्टीचं नाव जातं, किंवा स्कीमात (टूलला काय काय माहिती लागते त्याच्या आराखड्यात) नसलेलं एखादं पॅरामीटर, म्हणजे भरायचा रकाना, तो स्वतःच्या मनाने घालतो.

तोच कॉल पाच-सहा वेळा मारतो, म्हणजे तेच टूल तसंच बोलावतो, आणि दरवेळी तीच एरर घेऊन परत येतो. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

टूल समोर असताना "ही माहिती माझ्याकडे उपलब्ध नाही" म्हणतो.

आणि ज्याची मला खरी भीती वाटते ते लक्षण: एरर नाही, गोंधळ नाही, उत्तर नीट वाक्यात येतं, आणि त्यातला आकडा चूक असतो.

मी नाशिकला एका छोट्या टीममध्ये काम करते. बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं आणि मालाच्या आवक-जावकीचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडायचं काम माझ्याकडे आल्यापासून वरची तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की आता तपासण्याचा क्रम ठरून गेला आहे. तक्रार आली की टीममधला पहिला सूर नेहमी एकच असतो: मॉडेल बदलू या, महागडं घेऊ या. मी ज्या तक्रारी निस्तरल्या त्यातल्या बहुतेकांत मॉडेलला हात लावावा लागला नाही. दोष टूलच्या लिखाणात होता.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर उभ्या आहेत. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल बोलावू देण्याची सोय, आणलं; अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी, टूल मॉडेलला जोडण्याची एक ठरलेली पद्धत, जाहीर केला. पद्धत कुठलीही असो, तुमच्या टूलबद्दल मॉडेलच्या हातात मुख्यतः तीनच गोष्टी पडतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि इनपुटचा स्कीमा. कॉल झाल्यावर चौथी गोष्ट, टूलने दिलेलं उत्तर. तुमचा कोड त्याला दिसत नाही. डेटाबेसच्या टेबलांची नावं दिसत नाहीत. "रेट म्हणजे आपल्याकडे क्विंटलचाच" हे ऑफिसात सगळ्यांना माहीत असलेलं ज्ञानही त्याच्यापर्यंत पोचत नाही. अडतीच्या दुकानात नवा दिवाणजी आला तर तो पहिल्या आठवड्यात पन्नास वेळा विचारतो. एजंट सहसा विचारत नाही, अंदाज करतो आणि पुढे जातो.

(टूलची आणि फील्डची नावं मी इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत असतात.)

तपासणी १: एजंटला प्रत्यक्षात काय पोचतंय ते बघा

दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते बाजूला ठेवा. सर्व्हरकडून (टूल पुरवणाऱ्या प्रोग्रॅमकडून) टूलची यादी मागवा आणि मॉडेलकडे जाणारा मजकूर जसाच्या तसा डोळ्यांखालून घाला. एमसीपी वापरत असाल तर एमसीपी इन्स्पेक्टर फुकट मिळतो, त्यात हे सरळ दिसतं. नाहीतर मॉडेलला जाणारी रिक्वेस्ट लॉग करा.

हे पहिलं का, तर पोचतच नसलेलं वर्णन तुम्ही चार दिवस सुधारत बसाल. आमच्याकडे असं झालं आहे. वर्णन फंक्शनच्या वर साध्या कमेंटमध्ये लिहिलं होतं. लायब्ररी ते उचलते असा आमचा समज होता, पण ती फक्त डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या आत लिहायचा माहितीचा मजकूर, उचलत होती. एजंटला अकरा टूल दिसत होती आणि अकराही वर्णनं रिकामी. तरी तो नावांवरून बऱ्यापैकी चालत होता, म्हणूनच इतके दिवस कोणाला शंका आली नाही.

इथेच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. सर्व्हर रीस्टार्ट केलाय का? आणि क्लायंटने (एजंट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) टूलची जुनी यादी धरून ठेवली आहे का? बरेच क्लायंट ती सत्राच्या सुरुवातीला एकदाच घेतात.

तपासणी २: तोच मजकूर एका माणसाला द्या

तो मजकूर कागदावर छापा. टीममधल्या पण या टूलवर काम न केलेल्या माणसाला द्या. ग्राहकांनी खरोखर विचारलेले पाच प्रश्न द्या आणि सांगा, कुठलं टूल बोलावशील आणि कुठल्या रकान्यात काय भरशील ते पेनाने लिही. तुम्ही शेजारी बसा, पण एक शब्द बोलू नका.

मी हे आमच्या सपोर्टमधल्या मुलाबरोबर केलं. तो तिसऱ्या प्रश्नाला अडला. कागदावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, इथे नुसतं 'रेट' लिहिलंय. कशाचा? किलोचा का क्विंटलचा?"

त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याची तक्रार आली होती. त्यांनी एजंटला विचारलं होतं, गोदामातल्या कांद्याच्या ४० गोण्यांची आजच्या भावाने किंमत किती. गोणी ५० किलोची, भाव क्विंटलला १,८०० रुपये. हिशेब सरळ आहे: ४० गोण्या म्हणजे २० क्विंटल, किंमत ३६,००० रुपये. एजंटने ३६ लाख सांगितले. टूलने त्याला 'रेट: १८००' आणि 'वजन: २०००' एवढंच दिलं होतं. वजन किलोत होतं, भाव क्विंटलचा होता, आणि दोन्ही आकड्यांपुढे एकक नव्हतं. मिळालेल्या माहितीवर त्याचा गुणाकार बरोबरच होता. व्यापाऱ्याला कांद्याचा भाव तोंडपाठ असल्यामुळे चूक लगेच कळली. हाच आकडा बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये गेला असता तर?

माणूस जिथे अडतो तिथे एजंट अडत नाही, तो काहीतरी भरून पुढे जातो. म्हणून माणूस अडलेली प्रत्येक जागा कागदावर गोल करून ठेवा. पुढच्या तीन तपासण्यांची यादी तिथेच तयार होते.

तपासणी ३: नाव आणि वर्णन

आमचं जुनं वर्णन असं होतं:

"गेट_बॅलन्स: बॅलन्स देते."

नवीन असं आहे:

"पार्टी_येणे_बाकी: एका पार्टीकडून दिलेल्या तारखेअखेर किती रुपये येणं आहे ते सांगते. पार्टीचा सहा अंकी कोड लागतो. फक्त नाव माहीत असेल तर आधी पार्टी_शोध वापरा. गोदामातल्या मालाच्या शिलकीसाठी हे टूल नाही, त्यासाठी माल_शिल्लक आहे. मंजूर न झालेल्या पावत्या यात धरलेल्या नाहीत. उत्तर रुपयांत येतं. आकडा ऋण असेल तर आपणच पार्टीला देणं लागतो."

सात वाक्यं झाली. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनातही टूलच्या कामगिरीत वर्णनाचा वाटा सगळ्यात मोठा मानला आहे आणि प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं लिहा असं सांगितलं आहे. त्या वाक्यांत काय हवं? टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, आणि उत्तराचा अर्थ काय लावायचा. माझ्या अनुभवात "कधी वापरायचं नाही" हे वाक्य सगळ्यात जास्त काम करतं आणि सगळ्यात जास्त राहून जातं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोन टूलमधला फरक इतका पक्का बसलेला असतो की तो लिहायचा असतो हेच सुचत नाही. पहिल्या लक्षणाचं, म्हणजे सकाळी एक आणि दुपारी दुसरं टूल निवडण्याचं, मूळ जवळजवळ नेहमी इथे सापडतं.

वरच्या वर्णनातलं शेवटचं वाक्यही बघा. ते नव्हतं तेव्हा एजंट उणे १२,००० ला "१२,००० रुपये येणं बाकी" म्हणून सांगत होता. येणं आणि देणं उलटं झालं. ज्याला पैसे द्यायचे त्यालाच वसुलीचा फोन जायची वेळ आली होती.

वर्णनाच्या ताकदीचं आणखी एक उदाहरण मी नवीन लोकांना हटकून सांगते. क्लॉड या आपल्या मॉडेलला वेब सर्चचं टूल दिल्यावर अँथ्रॉपिकच्या लोकांना दिसलं की मॉडेल शोधशब्दांना कारण नसताना '२०२५' जोडतंय आणि त्यामुळे निकाल बिघडताहेत. त्यांनी टूलचं वर्णन सुधारून ते सरळ केलं. मॉडेल बनवणारेही आधी वर्णनाला हात घालतात.

नावाबद्दल थोडक्यात: 'प्रोसेस', 'हँडल', 'डेटा', 'मॅनेज' असे कुठेही खपणारे शब्द काढा. ऑफिसात तोंडी वापरली जाणारी लघुरूपंही काढा.

तपासणी ४: पॅरामीटर

मला सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथे कराव्या लागल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तारीख. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीने वाचलं तर ४ मार्च. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे ही एक अदलाबदल नोंद २०२५-२६ मधून उचलून २०२४-२५ मध्ये टाकते, म्हणजे बंद केलेल्या वर्षात. वर्णनात लिहा: "तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, उदाहरणार्थ २०२५-०४-०३." उदाहरण द्याच, आणि ते ०४-०४ सारखं देऊ नका, दिवस-महिना वेगळे दिसतील असं द्या. स्कीमात 'फॉरमॅट: डेट' लिहिलं म्हणजे तपासणी होते असं समजू नका. बरेच व्हॅलिडेटर (स्कीमा तपासणारे प्रोग्रॅम) ती ओळ फक्त माहिती म्हणून सोडून देतात. सर्व्हरवर स्वतः तपासा.

परवा. मराठीत बोलणारा ग्राहक असेल तर हा शब्द येणारच, आणि तो दोन्ही दिशांना जातो. "परवाच्या गाडीत किती गोण्या?" यात परवा आलेली गाडी की परवा जाणारी? क्रियापद असतं तर कळलं असतं. आमच्या वर्णनात आता लिहिलेलं आहे: "सापेक्ष शब्दांवरून तारीख नक्की ठरत नसेल तर टूल बोलावण्याआधी वापरकर्त्याला विचारा." आणि आजची तारीख एजंटला सांगितलेली आहे ना तेही बघा. ती सांगितली नसेल तर 'काल' आणि 'उद्या'सुद्धा अंदाजानेच ठरतात.

आकडे. सव्वा, दीड, अडीच, पाऊण, पावणेदोन. व्यापारी "पावणेतीन लाखाची पावती कर" म्हणतो, म्हणजे २,७५,०००. आमच्या लॉगमध्ये त्याचे ३,७५,००० झालेले मी पाहिले आहेत. 'साडे' मिळवायचं असतं आणि 'पावणे' वजा करायचं असतं, तिथे तो घसरला. उपाय म्हणून पॅरामीटरच्या वर्णनात दोन उदाहरणं दिली, आणि पावती करण्याआधी रक्कम अंकांत दाखवून होकार घेण्याची पायरी घातली. स्वल्पविरामांकडेही बघा. '२,७५,०००' ही स्ट्रिंग (मजकूर म्हणून लिहिलेली रक्कम) आकड्याच्या रकान्यात गेली तर काही ठिकाणी एरर येते आणि काही ठिकाणी पहिल्या स्वल्पविरामापाशी तुटून २ उरतो. देवनागरी अंकांचंही तसंच: पायथॉनचं इंट '१२३' बिनतक्रार वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर वाचत नाही. कुठले अंक चालतात ते लिहून टाका.

एकक. एकक फील्डच्या नावातच घाला. 'रेट' नको, 'रुपये_प्रति_क्विंटल'. 'वजन' नको, 'वजन_किलो'. वर्णन वाचताना एखादी ओळ नजरेआड होऊ शकते, पण फील्डचं नाव प्रत्येक कॉलला आणि प्रत्येक उत्तरात पुन्हा समोर येतं. रकमेसाठी हे फारच महत्त्वाचं आहे. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याच्याशी बोलायच्या सोयीला) रक्कम पैशांत लागते: ५०० रुपयांसाठी ५०,०००. एक टूल रुपयांत आणि शेजारचं पैशांत असेल, आणि दोघांच्याही फील्डचं नाव नुसतं 'अमाउंट' असेल, तर शंभरपट चूक कधीतरी होणारच.

नंबरासारखे दिसणारे पण नंबर नसलेले रकाने. गट नंबर '१२/३/अ' असतो. जीएसटी क्रमांकात १५ अक्षरं-अंक असतात. पार्टीचा कोड '००४७१२' असेल आणि स्कीमात प्रकार इंटिजर (पूर्णांक) असेल तर पुढची शून्यं गळतात, उरतो ४७१२, आणि "अशी पार्टी नाही" अशी एरर येते. असे सगळे रकाने स्ट्रिंग ठेवा आणि तसं ठेवण्याचं कारण वर्णनात लिहा.

ठरावीक पर्याय. 'प्रतवारी' या रकान्यात फक्त चार शब्द चालत असतील तर ते चार शब्द ईनममध्ये (चालणाऱ्या शब्दांच्या बंद यादीत) द्या. वाक्यात "योग्य ती प्रतवारी द्यावी" लिहून उपयोग नाही. एजंट 'उत्तम' भरेल, 'ए ग्रेड' भरेल, 'नंबर १' भरेल.

जिथे रचनाच अशी करता येते की चूक करायला जागा उरत नाही, तिथे ती करा. अँथ्रॉपिकच्या लोकांनी कोडिंग एजंट बनवताना पाहिलं की एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की सापेक्ष फाइलपाथ देताना चुकतो. त्यांनी टूलला कायम पूर्ण पाथच लागेल असं केलं आणि चुका थांबल्या.

तपासणी ५: एरर काय बोलते

एकच कॉल पुन्हा पुन्हा मारण्याचं लक्षण असेल तर थेट इथे या. "एरर ४००: इनव्हॅलिड इनपुट" वाचून एजंटला काय कळणार? काय चुकलं ते नाही, काय चाललं असतं ते नाही. म्हणून तो एखादा स्वल्पविराम हलवून पुन्हा तोच कॉल करतो.

आमची आताची एरर अशी असते: "पार्टी_कोड मध्ये 'बाळासाहेब ट्रेडर्स' आलं. इथे सहा अंकी कोड लागतो, उदा. ००४७१२. नावावरून कोड शोधण्यासाठी पार्टी_शोध वापरा." हे वाचून एजंट बहुतेक वेळा पुढच्याच कॉलला सरळ होतो. एरर हा दस्तऐवजाचाच भाग आहे, आणि तो नेमक्या अडचणीच्या क्षणी वाचला जातो. म्हणून मी एरर लिहायला वर्णनाइतकाच वेळ देते.

एमसीपीत आणखी एक खाच आहे. टूल चालताना आलेली एरर प्रोटोकॉलच्या पातळीवर फेकू नका. ती टूलच्या उत्तरातच 'इज-एरर' खूण करून पाठवा. पहिल्या प्रकारची एरर क्लायंटपाशीच अडकू शकते आणि मॉडेलला ती वाचायला मिळेलच असं नाही.

रिकामं उत्तर ही सगळ्यात फसवी गोष्ट. "या कोडची पार्टीच नाही", "पार्टी आहे पण या काळात व्यवहार नाही" आणि "तुम्हाला हे बघायची परवानगी नाही" या तिन्हींना आमचं टूल रिकामी यादी देत होतं. एजंट तिन्ही वेळा सांगायचा, "बाकी शून्य." तिन्हींसाठी तीन वेगळी वाक्यं लिहा.

तपासणी ६: उत्तराचा आकार

टूल वर्षभराच्या चार हजार नोंदी एकदम ओतत असेल तर दोनपैकी एक होतं. एकतर एजंटची संदर्भमर्यादा (एका वेळी तो जेवढा मजकूर धरू शकतो ती) भरते आणि त्याला मूळ प्रश्न नीट धरता येत नाही, किंवा मधलं कुणीतरी उत्तर कापतं. क्लॉड कोड हा अँथ्रॉपिकचा कोडिंग एजंट टूलचं उत्तर मुळातच २५,००० टोकनांपर्यंत (टोकन म्हणजे मॉडेल वाचतं तो मजकुराचा छोटा तुकडा) मर्यादित ठेवतो. देवनागरी मजकुराला बहुतेक टोकनायझरमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून मराठी तपशील असलेल्या नोंदी त्या मर्यादेला लवकर भिडतात.

गुपचूप कापलेल्या यादीची बेरीज एजंट पूर्ण यादीची म्हणून सांगतो. म्हणून उत्तरातच लिहा: "४,१२० पैकी पहिल्या ५० नोंदी. पुढच्या पानासाठी पान=२. नुसती बेरीज हवी असेल तर नोंद_बेरीज वापरा."

तपासणी ७: टूल जास्त झाली आहेत का

एपीआयच्या प्रत्येक एन्डपॉइंटला (एकेका कामाच्या पत्त्याला) एक टूल, अशी रचना घाईत होते. ओपनएआयची सूचना आहे की एका वेळी वीसपेक्षा कमी फंक्शन्स समोर ठेवा. आमच्याकडे ३४ होती. त्यातली नऊ निरनिराळ्या प्रकारे पार्टीच शोधत होती: नावाने, गावाने, फोनने, जीएसटी क्रमांकाने. त्यांचं एक पार्टी_शोध केलं. त्याच्या वर्णनात नाव देवनागरीत शोधलं जातं की रोमनमध्ये हेही लिहिलं, कारण त्याशिवाय निम्मे शोध रिकामे येत होते.

तपासणी ८: लिखाण जुनं झालंय का

रिलीजमध्ये फील्ड बदलतं, वर्णन तेच राहतं. किंवा सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत) एक सांगितलेलं असतं आणि टूलच्या वर्णनात दुसरं. असा विरोध असला की एजंट कधी याचं ऐकतो, कधी त्याचं. स्कीमा कोडमधूनच तयार होईल असं करा, आणि वर्णनातली उदाहरणं प्रत्येक बिल्डला (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार होताना) खरोखर चालवून बघा. उदाहरण चाललं नाही तर बिल्ड अडवा.

तपासणी ९: मोजून बघा

इथून पुढे वेळ लागतो. ग्राहकांनी विचारलेले पंचवीस-तीस खरे प्रश्न गोळा करा, त्यांच्याच भाषेत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. प्रत्येकाचं बरोबर टूल, बरोबर पॅरामीटर आणि बरोबर उत्तर लिहून ठेवा. प्रत्येक प्रश्न निदान पाच वेळा चालवा, कारण त्याच प्रश्नाला दरवेळी तेच वागणं होईल याची खात्री नसते. नुसतं शेवटचं उत्तर बघू नका, कॉलचा लॉग बघा. चुकीच्या टूलमधूनही कधीकधी बरोबर आकडा निघतो.

एका वेळी एकच बदल करा. आणि पाच-सहा प्रश्न बाजूला झाकून ठेवा, जे दुरुस्ती करताना तुम्ही बघणार नाही. नाहीतर वर्णन त्या तीस प्रश्नांपुरतं घासून गुळगुळीत होतं आणि एकतिसाव्याला पुन्हा अडखळतं.

तपासणी १०: टूलच बदलायला हवं का

वर्णनात "मात्र", "परंतु", "अपवाद" हे शब्द पाच-सहा वेळा आले की मी लिहिणं थांबवते. आमचं एक टूल 'मोड' या रकान्यावर अवलंबून पावती दाखवायचं, बदलायचं किंवा रद्द करायचं. त्याचं वर्णन मी तीनदा नव्याने लिहिलं. शेवटी त्याची तीन टूल केली आणि प्रत्येकाचं वर्णन तीन ओळींत मावलं. हे महाग काम आहे, जुने जोडलेले भाग मोडतात, म्हणून ते शेवटी ठेवलं आहे.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

लिखाण सुधारणं आणि कुलूप लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. "वापरकर्त्याच्या संमतीशिवाय रद्द करू नये" असं वर्णनात लिहिल्याने रद्द करण्याची क्षमता जात नाही. एमसीपीत 'फक्त वाचन', 'विध्वंसक' अशा खुणा टूलला लावता येतात, त्या लावाच. पण त्या सूचनाच आहेत, आणि अनोळखी सर्व्हरने लावलेल्या अशा खुणांवर क्लायंटने विश्वास ठेवू नये असं एमसीपीच्या तपशिलातच म्हटलं आहे. खरी परवानगी सर्व्हरवर, वेगळ्या चावीने तपासली गेली पाहिजे. ते तुमच्याकडे नसेल तर एजंटला फक्त वाचायची टूल द्या आणि परवानग्यांचं काम येणाऱ्या माणसाला बोलवा.

एजंटने चुकीच्या नोंदी आधीच केल्या असतील तर वर्णन दुरुस्त करत बसू नका. आधी त्याची लिहिण्याची चावी बंद करा, बॅकअप घ्या, आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याला व व्यापाऱ्याच्या सीएंना एकत्र बसवा. त्या नोंदींवर जीएसटी रिटर्न भरून झालं असेल तर दुरुस्ती कशी करायची हे सीएच ठरवतील. एजंटलाच "झालेल्या चुका सुधार" सांगू नका. मी ते एकदा होताना पाहिलं, आणि मूळ नोंद काय होती ते शोधायला दोन दिवस गेले.

एजंट एखाद्या नोंदीतल्या मजकुराचं ऐकून वागला, उदाहरणार्थ पावतीच्या शेऱ्यात कुणीतरी लिहिलेली आज्ञा त्याने पाळली, तर तो प्रॉम्प्ट इंजेक्शनचा प्रकार आहे. तो वर्णनाने सुटत नाही. एजंट थांबवा आणि सुरक्षेच्या जाणकाराला त्याच दिवशी गाठा. ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्यात असा सर्ट-इनचा (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) एप्रिल २०२२ चा आदेश आहे, त्यामुळे "उद्या बघू" म्हणायला वेळ नसतो. लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती किंवा फोन नंबर भलत्या ठिकाणी गेले असतील तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची बाजू वकिलाकडून समजून घ्या.

आणि टूल बरोबर निवडलंय, पॅरामीटर अक्षरशः बरोबर आहेत, दोन वेगळ्या मॉडेलवर करून बघितलं, तरी टूलकडून येणारा आकडा चूक आहे, तर तो साधा कोडमधला दोष आहे. तो एजंटवाल्याकडे नको, टूल लिहिणाऱ्या डेव्हलपरकडे द्या.

ज्याला बोलवाल त्याच्या हातात हे द्या: ग्राहकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, त्या वेळी मॉडेलला गेलेली टूलची पूर्ण यादी, केलेला कॉल, आलेलं कच्चं उत्तर, वेळ आणि मॉडेलची आवृत्ती. स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या. ग्राहकांची नावं आणि फोन नंबर पाठवण्याआधी झाका.